बाळ झोपलंय, बेल वाजवू नये

"आक्का, रडतीस काय? भुतांना घरातनं हाकलणारी बाई तू, आन् एका लाल पट्टीला भ्यालीस व्हय?"

दस्तगीर सोलापुरातून फोनवर हसत होता. माझ्या एका हातात पाळण्याची दोरी, मानेत दाबून धरलेला फोन आणि समोर लॅपटॉपवर ती पट्टी. बुधवार होता. दुपारचे दोन वाजून गेले होते. आठ महिन्यांची अनू नुकतीच झोपली होती.

"तीन व्हिडिओ काढून टाकलेत रे. एकदम तीन," मी दबक्या आवाजात म्हणाले. "सात दिवसांत चॅनल बंद होणार असं लिहिलंय."

"कुणी तक्रार केली?"

"श्रवण ध्वनी म्हणून कुणीतरी. म्हणतात, माझ्या व्हिडिओतलं गाणं त्यांच्या मालकीचं आहे."

"गेमचं म्युझिक चालू ठेवलंस काय पुन्हा? किती वेळा सांगितलं तुला!"

"नाही रे. गेमचं नाही. अंगाई. माझी अंगाई."

दस्तगीरचं हसू थांबलं.

माझं चॅनल भुताटकीच्या गेमचं होतं. पडद्यावर फक्त गेम दिसायचा आणि मागून माझा आवाज. नाव हडळताई. ओसाड बंगल्यात रक्ताळलेलं भूत अंगावर आलं, की लोक किंचाळतात. मी ओरडायचे, "मेल्या, पाय धुतलेस का? आलास तसाच घरात!" लोकांना ते फार आवडायचं. चेहरा मी कधी दाखवला नाही, गावाचं नाव सांगितलं नाही, स्वतःचंही नाही. भीती कसली नव्हती, लाज होती. गावाकडे सासूबाईंना वाटायचं, सून घरबसल्या टायपिंगची कामं करते. खरं काय ते माझा नवरा संग्राम आणि हा दस्तगीर, दोघांनाच ठाऊक. दस्तगीर ट्रक चालवायचा गेम खेळत तासन्‌तास गप्पा मारायचा, त्याचे व्हिडिओ टाकायचा. आम्ही एकमेकांना कधी भेटलो नव्हतो, पण या धंद्यातलं जे काही मला येत होतं ते त्यानं शिकवलेलं.

पहिला धडा म्युझिकचा. गेममध्ये वाजणारं संगीत दुसऱ्याच कुणाच्या मालकीचं असतं. ते आपल्या व्हिडिओत वाजलं की तो मालक हक्क सांगतो आणि व्हिडिओची कमाई त्याच्याकडं वळते. म्हणून दस्तगीर म्हणाला होता, सेटिंगमध्ये जाऊन म्युझिक बंद करून टाक. मी बंद केलं. पण संगीताशिवाय भुताचा बंगला म्हणजे नुसता रिकामा फ्लॅट वाटायला लागला. मग अंधाऱ्या जिन्यावरून चढताना मी आपली गुणगुणायला लागले. अनूच्या पाळण्याशी बसून मीच जुळवलेलं:

झोप गं बाय, झोप गं बाय,
अंधाराला पाय न्हाय,
अंधाराला पाय न्हाय,
दारापाशी येत न्हाय.

मध्येच अनू चुळबुळली की गाणं तोडून "श्शू" करायचं आणि पुन्हा पुढं. लोक त्यासाठीच येऊ लागले. कुणी अनूचं नाव भुतुली ठेवलं. महिन्यापूर्वी कमाई सुरू झाल्याचा मेल आला, तेव्हा संग्रामनं साखर कारखान्यात सगळ्या लॅबला जिलेबी वाटली. कशाबद्दल ते मात्र सांगितलं नाही.

"त्यांनी त्यांच्या गाण्याची लिंक दिली असंल की. ऐकलंस का?" दस्तगीरनं विचारलं.

"नाही अजून."

"ऐक. मी थांबतो."

मी एक इअरफोन कानात घातला. गाणं सुरू झालं. पुरुषाचा आवाज होता. मऊ, सावकाश, मागं एकही वाद्य नाही. झोप गं बाय. चाल तीच, शब्द तेच. मी जिथं श्वास घेते तिथंच त्यानं श्वास घेतला होता. दुसऱ्या ओळीत माझा आवाज किंचित घसरतो, तिथं त्याचाही घसरला. आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तो थांबला.

"श्शू," तो म्हणाला. मग पुढं गायला लागला.

"काय झालं गं?" दस्तगीर विचारत होता.

"चोरलंय मेल्यानं. श्शूसुद्धा चोरलंय."

"श्शू?" त्यानं विचारलं. "श्शू कशाला म्हणंल एखादा? त्याच्यापाशी कुठं लेकरू झोपलंय?"

"चोराला अक्कल असती तर चोरी कशाला केली असती?"

राग इतका होता, की दुसरं काही वाटायला जागाच उरली नव्हती.

"हे बघ आक्का, उलट दावा करायचा एक फॉर्म असतो. मी कधी भरला न्हाई. माझ्या वळखीत एकानं भरलाय, त्याला विचारतो. तंवर काय करू नगंस. तुझी घाई मला ठाऊक हाय." मग वातावरण हलकं करायला म्हणून म्हणाला, "तुझा त्यो श्रोता काय म्हणतोय? त्याला सांग की, वकील देईल एखादा."

श्रोता म्हणजे माझा सगळ्यात जुना प्रेक्षक. त्यानं तेवढंच नाव घेतलेलं. प्रत्येक व्हिडिओखाली पहिली कमेंट त्याची. गेमबद्दल तो कधी अवाक्षर काढायचा नाही. "एकविसाव्या मिनिटाला भुतुलीनं कूस बदलली, ऐकू आलं." "आज पाळणा करकरत नाहीये. तेल घातलंत वाटतं." "शेवटी भोंगा वाजला तो साखर कारखान्याचा का? आमच्याकडं असाच चारला वाजतो." मी प्रत्येक कमेंटला लाल बदाम द्यायचे. घरात बसून आपण बोलतो ते कुणीतरी इतकं लक्ष देऊन ऐकतंय, याचं मला कौतुक होतं.

चारचा भोंगा झाला. थोड्या वेळानं खाली संग्रामची गाडी थांबल्याचा आवाज आला. त्याच्या कपड्यांना मळीचा आंबूस वास यायचा, त्यामुळं तो आधी अंघोळीला पळायचा. त्या दिवशी माझं तोंड बघून तसाच बसला. मी सगळं सांगितलं. गाणं ऐकवलं. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"म्हणजे आपल्याच घरातलं गाणं आपण गायचं नाही?"

"फॉर्म भरायचा असतो म्हणे. खरं नाव, पत्ता, फोन, सगळं लिहावं लागतं."

"मग लिही की."

"दस्तगीर थांब म्हणालाय."

"दस्तगीर खोटा ट्रक चालवतोय गं सोलापुरात बसून. त्याला काय विचारतेस?" संग्रामनं उठलेल्या अनूला उचलून माझ्या मांडीवर दिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. "आपलं खरं आहे ना? मग नाव सांगायला आपण का लाजायचं? लाजायचं त्यानं." मग जरा खाली बघत म्हणाला, "आणि कसंय शलू, कुठंतरी एकदा लिहिलं जाईल. हे गाणं शलाका थोरवतचं आहे म्हणून."

ते वाक्य मला लागलं. इतके दिवस मी हडळताई होते, सूनबाई होते, अनूची आई होते. मी फॉर्म उघडला आणि पहिल्या रकान्यात टाइप केलं, शलाका संग्राम थोरवत.

पत्त्याच्या रकान्यात टाइप करायची गरज नव्हती. अनूचे डायपर, तिची पावडर, सगळं ऑनलाइन यायचं. पार्सलवाले हमखास चुकायचे आणि नेमके ती झोपली की बेल दाबायचे. म्हणून मी फोनमध्ये एकदाच सविस्तर पत्ता लिहून ठेवलेला, जिथं मागतील तिथं चिकटवायला. तोच चिकटवला. संजीवनी अपार्टमेंट, पाण्याच्या टाकीजवळ, दत्त मंदिरासमोरचा बोळ. तिसरा मजला, जिना चढून उजवीकडचं दार. न सापडल्यास तळमजल्यावर इनामदार काकूंना विचारावे. यजमान चारनंतर घरी असतात. दोन ते चार बाळ झोपलेले असते, कृपया बेल वाजवू नये, कडी हळू वाजवावी.

खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत दहा-बारा ओळी आणि एक चौकोन होता. अनू माझ्या बांगडीला नवे दोन दात लावत होती. मी चौकोनात खूण केली आणि फॉर्म पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पट्टी गेली. तिन्ही व्हिडिओ परत आले होते. मेल एका ओळीचा होता. तक्रारदारानं दावा मागं घेतला आहे. मी अनूला घेऊन स्वयंपाकघरात दोन गिरक्या मारल्या. संग्रामला फोन केला तर तो यंत्रांच्या आवाजात ओरडला, "बघ! पळाला की नाही?" मग दस्तगीरला लावला.

"सुटले रे! माफी न मागता पळाला, पण पळाला."

"कधी भरलास फॉर्म?" त्याचा आवाज वेगळा होता.

"काल संध्याकाळी."

"आन् आज सकाळी मागं घेतला? आक्का, असं व्हत न्हाई. माझ्या त्या दोस्ताला काल रात्रीच विचारलं मी. समोरच्याला दोन आठवडे मिळत्यात. खोटा माणूससुद्धा दोन आठवडे ताणतो. ह्यानं एक दिवस न्हाई घेतला?"

"घाबरला असेल."

"फॉर्ममध्ये काय लिहिलंस?"

"नाव. पत्ता."

"पत्ता कुठला? घरचा?"

"मग काय तुझा लिहू?"

तो हसला नाही. "ते कंपनीपाशी राहत न्हाई गं. तू जे लिहिलंस ते हाय तसं त्या माणसाला पाठवत्यात. कायदाच तसा हाय. खाली लिहिलेलं असतं, बारीक." मग तो थांबत थांबत म्हणाला, "त्याला गाणं नको व्हतं, आक्का."

मी पाळण्याकडं पाहिलं. अनू जागीच होती, स्वतःच्या पायाचा अंगठा पकडायच्या खटपटीत. मी फोनमधला तो पत्ता उघडला आणि पहिल्यापासून वाचला. यजमान चारनंतर घरी असतात, इथपर्यंत आले आणि पुढचं वाचवेना.

शुक्रवारी संग्राम घरी राहिला. दाराला आतून साखळी बसवून घेतली. खाली जाऊन इनामदार काकूंना बजावून आला, की अनोळखी कुणी आलं तर वर पाठवू नका. काकू म्हणाल्या, "पाठवते कशाला? मी असताना चिमणी वर जात नाही." दिवसभर कुणी आलं नाही. मी व्हिडिओ केला नाही. संध्याकाळी फोन वाजला म्हणून बघितलं तर जुन्या व्हिडिओखाली श्रोत्याची नवी कमेंट होती. "दोन दिवस आवाज नाही. भुतुली बरी आहे ना?"

श्रोता. श्रवण ध्वनी. मी दोन्ही नावं एकाखाली एक वाचली आणि फोन उशीखाली ठेवला.

शनिवारी संग्रामला रजा मिळेना. गळीत हंगाम ऐन भरात होता. निघताना तीनदा मागं वळून म्हणाला, "चारला आलोच. दार उघडू नकोस."

पावणेतीनला कडी वाजली. बेल नाही, कडी. दोनदा, अगदी हळू. मी जागची हलले नाही. तेवढ्यात जिन्यातून इनामदार काकूंचा आवाज आला, "शलाका, अगं पार्सलवाला आहे गं! डायपर आलेत बघ तुझे!"

काकूंचा आवाज ऐकला आणि जिवात जीव आला. डायपर संपलेही होते. साखळी तशीच ठेवून मी दार चार बोटं उघडलं.

तिशी-पस्तिशीतला माणूस होता. इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. हातात डायपरचं पाकीट होतं, दुकानातून आणलेलं, वर पत्त्याची चिठ्ठी नव्हती. त्यानं बूट काढून भिंतीकडेला नीट जोडून ठेवले होते. कोणता पार्सलवाला बूट काढतो?

"हडळताई?" तो कुजबुजला. बाळ झोपलेलं असताना बोलतात तसं.

आणि त्याच क्षणी मला एक गोष्ट लख्ख कळली. यानं मला कधी पाहिलेलं नाही. रस्त्यात समोरून गेले असते तरी ओळखलं नसतं. याच्यापाशी आहे तो फक्त माझा आवाज. मी एक शब्द बोलले नाही तर मी कुणीही असू शकते. कामाला आलेली बाई, पाहुणी, कुणीही.

मी मान हलवली. नाही.

"शलाका ताई इथंच राहतात ना?"

मी पुन्हा मान हलवली. हातानं खूण केली, बाहेर गेल्यात. तो माझ्याकडं बघत नव्हता. मान जराशी तिरकी करून माझ्या खांद्यावरून आत कान लावून उभा होता. फ्रिज घुमत होता. नळ ठिबकत होता. तो एकेक आवाज ओळखीचा असल्यासारखा मनाशी मान डोलावत होता.

"काही हरकत नाही. थांबतो," तो म्हणाला.

मी दार लोटायला लागले. पाळणा करकरला. अनूनं झोपेतून उठतानाचा तो लहानसा हुंकार दिला आणि त्या माणसानं डोळे मिटून घेतले.

"आज लवकर उठली," तो म्हणाला.

अनू रडायला लागली. आधी कुरकूर, मग हमसून. मी ओठ दातांत धरले. एका हातानं दार रेटत होते, पण त्याचं पाकीट फटीत आलं होतं. तो काही जोर लावत नव्हता, नुसतं धरून उभा होता. आतलं रडणं वाढलं. तिला ठसका लागला, श्वास अडकला, आणि मी काय करतेय ते कळायच्या आत तोंडातून निघून गेलं.

"आले गं, आले माझी बाय."

त्यानं डोळे उघडले. पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्याच्या तोंडावर राग नव्हता, हावरेपण नव्हतं. हरवलेली वस्तू जागेवर सापडावी तसा तो शांत झाला.

"तुम्हीच," तो म्हणाला.

पाकीट त्यानं उंबऱ्याशी ठेवलं. मग खाली बसून बूट घातले. एकेक नाडी ओढून, दुहेरी गाठ मारून. मी दार लावायला हवं होतं. तो उभा राहिला, शर्ट सारखा केला आणि घरच्या माणसाचा निरोप घ्यावा तसा म्हणाला, "येतो."

जिन्यावरून उतरताना तो गुणगुणत होता. तिसऱ्या ओळीत थांबला. श्शू केलं. पुढं गेला. खाली काकू त्याला विचारत होत्या, "मिळालं का हो घर?"

संध्याकाळी आम्ही संग्रामच्या ओळखीच्या वकील बाईंकडं गेलो. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

"गाण्याचा दावा त्यानं मागं घेतला. पत्ता तुम्ही स्वतःच्या हातानं दिलात. दाराशी आला, बूट बाहेर काढले, आत पाऊल टाकलं नाही. हात लावला?"

"नाही."

"धमकी दिली? जाताना काही बोलला?"

"येतो म्हणाला."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते तर सगळेच म्हणतात हो," त्या म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज उतरला होता. "पोलिसांत अर्ज देऊन ठेवू. नोंद तरी राहील."

चॅनल सात दिवसांत बंद होणार असं त्या पट्टीवर लिहिलं होतं. मी चौथ्याच दिवशी बंद केलं. नक्की का, असं लॅपटॉपनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा हो म्हणताना संग्राम माझ्या पाठीवर हात ठेवून उभा होता. "मीच म्हणालो होतो नाव लिही," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दस्तगीरचा फोन आला, तो मी घेतला नाही. त्यानंतर कुठल्याच फोनवर मी हॅलो म्हटलं नाही. समोरचा बोलेपर्यंत थांबायचं.

हंगाम संपल्यावर संग्रामनं दुसऱ्या जिल्ह्यातला कारखाना धरला. तिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. दारावर नावाची पाटी लावली नाही. पार्सलं संग्राम कारखान्यावर मागवायचा. तो माणूस पुन्हा आला नाही. निदान मला दिसला नाही. मी भाजी बोट दाखवून घ्यायचे. शेजारणींनी काही विचारलं की हसायचे. त्या बिचाऱ्या म्हणायच्या, थोरवतीण बाई फार शांत आहे. अनूला भरवताना, न्हाऊ घालताना मी तिच्या कानाला ओठ लावून बोलायचे. तिला ते आवडायचं, गुदगुल्या व्हायच्या.

आज ती नऊ वर्षांची आहे आणि बडबडून घर डोक्यावर घेते. पण तेव्हा सव्वादोन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. काही हवं असलं की बोट दाखवायची. फार आनंद झाला तर माझ्या कानाशी येऊन नुसती हवा सोडायची. शेवटी आम्ही तिला डॉक्टरांकडं नेलं. वयस्क बाई होत्या. त्यांनी घंटा वाजवून पाहिली, टाळी वाजवून पाहिली, कानाची तपासणी करून आणायला लावली. कागद वाचून त्यांनी मान हलवली.

"कान उत्तम आहेत हो हिचे. मूल ऐकतं तेच बोलतं. दिवसभर घरात हिच्याशी बोलतं कोण?"

मी उत्तर दिलं.

त्यांनी पेन थांबवून माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणालात? जरा मोठ्यानं सांगा."

संग्राम खाली मान घालून बसला होता. दवाखान्याचं दार उघडं होतं, बाहेरच्या बाकावर चार-सहा माणसं बसली होती. मी उठले, दार लावलं, कडी घातली, अनूला जवळ घेतलं आणि मग म्हणाले, "मी."